कपाळावरची वेळ

पेटीकाकांना शौर्यपदक कशासाठी मिळालं, हे बाटल्यांच्या कारखान्यात सगळ्यांना तोंडपाठ होतं. प्रत्यक्षात काय घडलं ते एकट्या पेटीकाकांना ठाऊक होतं, आणि ते विचारायची कुणालाच गरज वाटली नव्हती.

कारखान्याच्या भट्टीमागे प्रथमोपचाराची एक खोली होती. तिथे एक खाट, एक स्टूल, हात धुवायचं बेसिन, औषधांचं काचेचं कपाट आणि भिंतीवर घड्याळ. तिथे पेटीकाका बावीस वर्षं बसले. कुणाचा हात भाजला, कुणाच्या तळव्यात काच घुसली, की तो माणूस हात वर धरून खोलीत यायचा आणि काका पहिला प्रश्न विचारायचे, "किती वाजता लागलं?" तो काहीतरी सांगायचा. मग काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, त्या माणसाच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे, खिशातला फोन काढून त्यात बघायचे, आणि तिन्ही जुळली की रजिस्टरात वेळ लिहून चिमटा उचलायचे. कारखान्यात म्हणायचे की तुमचं बोट तुटून खाली पडलं तरी काका आधी घड्याळ बघणार, मग बोट. लष्करी शिस्त म्हणतात ती हीच, असंही म्हणायचे. लोकांना एकदा एखाद्याचं कौतुक करायचं ठरलं, की त्याची खोडही शिस्तीत जमा होते.

'पेटी' हे नाव पलटणीतलं. पलटणीत औषधांची पेटी पाठीवर घेऊन फिरणाऱ्या माणसाला कुणी नावाने हाक मारत नाही. दुखत नसेल तेव्हा तो पेटी असतो आणि दुखायला लागलं की डॉक्टरसाहेब. तिथून सुटून ते कारखान्यात आले तेव्हा नाव बरोबर आलं आणि वयामुळे पुढे काका लागलं. घरी बायको मात्र 'अहो' म्हणायची, आणि रागावली की तेही म्हणायची नाही.

पदकाबरोबर आलेलं प्रशस्तिपत्र बायकोने चौकट करून बाहेरच्या खोलीत लावलं होतं. त्यात लिहिलं होतं, की तुफान गोळीबाराची तमा न बाळगता, कर्तव्याच्या पलीकडे जाऊन, जखमी साथीदाराच्या कपाळावर पट्टा बांधल्याची वेळ नोंदवण्यासाठी हे दुसऱ्यांदा उघड्यावर धावले. घरी येणारा पाहुणा ते वाचून मान डोलवायचा. पट्टा कसला आणि वेळ कशाला, हे बहुतेकांना कळायचं नाही, पण कर्तव्याच्या पलीकडे म्हटल्यावर माणूस पुढचं विचारत नाही.

ते असं असतं. हातातून किंवा पायातून रक्त उसळायला लागलं, की जखमेच्या वर एक पट्टा बांधायचा आणि त्यातली दांडी पिळायची. रक्त थांबतं, माणूस वाचतो. पण पट्ट्याच्या खालच्या पायालाही रक्त मिळेनासं होतं. दोनएक तास पाय तग धरतो. सहा तास उलटले की तो मेलाच असं धरायचं, आणि मग पट्टा सोडायचा नाही, कारण मेलेल्या पायातलं विष अंगात गेलं तर माणूसही जातो. तेव्हा सर्जन पट्टा न सोडता पाय कापतो. किती वेळ झाला हे सर्जनला कळावं, म्हणून पट्टा बांधणाऱ्याने जखमीच्या कपाळावर काळ्या पेनाने वेळ लिहायची असते. "चिठ्ठी हरवेल, कपाळ कुठे जातंय," असं शिकवणारे उस्ताद म्हणायचे, आणि जो वेळ लिहायला विसरेल त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावायचे. काकांनी शिकताना अशा तीस फेऱ्या मारल्या होत्या.

एकोणतीस वर्षांपूर्वी त्यांची तुकडी दूरच्या देशात दोन भांडखोरांच्या मध्ये शांतता राखायला गेली होती. म्हणजे दोन्हीकडच्या गोळ्या खायला. तिथे ते एका पाण्याच्या पंपघराची राखण करत होते. एके दिवशी कालव्यावरच्या पुलावरून गस्त परत येत असताना पलीकडच्या झाडीतून गोळीबार सुरू झाला. पुलाच्या मधोमध तुकडीचा वायरलेसवाला पडला. चोवीस वर्षांचा, सगळ्या तुकडीत सगळ्यात वेगाने धावणारा, म्हणून तर संदेशयंत्र त्याच्या पाठीवर. त्याच्या उजव्या मांडीतून रक्ताची धार लागली होती. काका पंपघराच्या भिंतीमागून निघाले, साठ पावलं उघड्यावर धावले, पुलाच्या कठड्याला चिकटून पट्टा बांधला, दांडी पिळली आणि त्याला खांद्यावर टाकून परत आणलं. पाठीवरच्या पेटीतून दोन गोळ्या गेल्या. आयोडीनच्या बाटल्या फुटून सगळी पाठ तपकिरी झाली, आणि ह्यांना वाटलं की आपलंच रक्त आहे.

ह्या धावण्याला पदक नव्हतं. हे त्यांचं काम होतं, आणि काम केल्याबद्दल सरकार पगार देतं.

मग वायरलेसला गाडीत घातलं. गाडी उभी होती उघड्यावर, चाळीस पावलांवर, दुसरीकडे जागाच नव्हती. काका भिंतीमागे परतले, दुसऱ्या जखमीच्या दंडाला हात घातला आणि त्यांच्या लक्षात आलं की कपाळ कोरं राहिलं. ड्रायव्हर इंजिन सुरू करत होता. काका पुन्हा धावले. भोवती माती उडत होती. गाडीच्या मागच्या फळीवर चढले, मनगट वळवून घड्याळ बघितलं, वायरलेसच्या कपाळावर मोठ्या आकड्यांत वेळ लिहिली आणि उडी मारून परत आले. हे सगळं कॅप्टनसाहेबांनी दुर्बिणीतून पाहिलं. पदक मिळालं ते ह्या धावण्याचं.

आता दुसरी गोष्ट. ही प्रशस्तिपत्रात नाही. ही काकांची बायको सांगायची, आणि फार छान सांगायची.

काका त्या देशात गेले तेव्हा तिला तिसरा महिना होता. तिकडची आणि घरची वेळ यांच्यात पाच तासांचा फरक. तिकडे सूर्य डोक्यावर यायला लागला की इकडे उजाडायचं. बाकीच्या जवानांनी विमानातून उतरल्या उतरल्या घड्याळाचे काटे फिरवले. ह्यांनी फिरवले नाहीत. ह्यांचं घड्याळ शेवटपर्यंत घरच्या वेळेवर चाललं. आता ती उठली असेल, आता तिने गोळी घेतली असेल, आता दवाखान्यात रांगेत बसली असेल. तिकडची वेळ हवी असली की मनातल्या मनात पाच मिळवायचे. "हे तिकडे गोळ्यांमध्ये," बायको सांगायची, "आणि ह्यांच्या मनगटावर मात्र माझी सकाळ." इथे ती थोडी थांबायची. ऐकणाऱ्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या, आणि त्या दिवशी त्या घरांत नवऱ्यांची धडगत नसायची.

एक गोष्ट भिंतीवर आणि एक बायकोच्या तोंडी. दोन्ही शंभर टक्के खऱ्या. एकोणतीस वर्षांत कुणी दोन्ही शेजारीशेजारी ठेवून बेरीज केली नव्हती. सगळ्या तैनातीत काका पाच मिळवायला एकदाच विसरले होते.

त्यांना ते कळलं चौथ्या दिवशी. ते वायरलेसला भेटायला फील्ड हॉस्पिटलमध्ये गेले, जाताना त्याचे दोन्ही बूट पॉलिश करून नेले. वायरलेस झोपला होता आणि चादर उजव्या मांडीखाली सपाट होती. पायथ्याला कार्ड लटकत होतं. पट्टा बांधला सहा दहा, टेबलावर घेतलं बारा पन्नास, पट्टा न सोडता पाय काढला. काकांनी कार्ड दोनदा वाचलं, मग स्वतःचं घड्याळ बघितलं. पट्टा अकरा दहाला बांधला होता. पायाला रक्त थांबून पावणेदोन तासही झाले नव्हते. सर्जनने आदल्या रात्रीपासून सतरा माणसं कापली आणि शिवली होती. त्याने कपाळावरचे आकडे वाचले आणि नियमाप्रमाणे केलं. कपाळ कोरं असतं तर त्याने निदान ड्रायव्हरला विचारलं असतं. काका दुसऱ्यांदा धावले नसते तर पाय राहिला असता.

ते बूट हातात घेऊन तसेच कॅप्टनसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "वेळ लिहिली होतीस ना?"

"लिहिली. चुकीची लिहिली."

"कुठली लिहिली हे फॉर्ममध्ये विचारत नाहीत. तुझी शिफारस कालच वर गेली. वर गेलेला कागद खाली आणायचा म्हणजे काय असतं तुला माहीत आहे? तू दमला आहेस. जा, झोप."

काका झोपले. आयुष्यात माणसाने एकदाच नको तिथे हुकूम पाळावा आणि तो जन्मभर पुरावा, तसं झालं.

वायरलेसला मायदेशी पाठवलं. त्याने आपल्या गावी टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, लग्न केलं, पहिल्या मुलाला काकांचं नाव दिलं. दर वर्षी त्या तारखेला त्याचं पत्र यायचं. पत्रात आभार असायचे, आणि शेवटी नेमाने ड्रायव्हरला शिव्या असायच्या. हॉस्पिटलमध्ये त्याला एवढंच सांगितलं होतं की पट्टा फार वेळ राहिला. स्वतःचं कपाळ कुणाला दिसत नाही, आणि शुद्धीवर येईपर्यंत नर्सने ते पुसून टाकलं होतं. तेव्हा त्याने आपल्या परीने अर्थ लावला, की तो हरामखोर ड्रायव्हर कुठेतरी लपून बसला असणार. 'तुम्ही जिवावर उदार होऊन वेळ लिहिली दादा, पण त्या भेकडाने ती मातीत घातली.' काका उत्तराला बसायचे. चार ओळी खऱ्या लिहायचे, कागद फाडायचे, आणि दुसऱ्या कागदावर 'तब्येतीची काळजी घे' असं लिहून पाठवायचे. काकांना धास्ती होती ती गोळ्यांची नव्हती. त्या माणसाच्या पत्रातलं पहिलं वाक्य 'देवासमान दादा' असं असायचं, आणि देवाला राजीनामा द्यायची सोय नसते.

काकांच्या निवृत्तीचा दिवस आला शनिवारी. मॅनेजर हौशी माणूस होता. त्याने कँटीनमध्ये समारंभ ठरवला, वर्तमानपत्राला कळवलं, आणि गुरुवारी काकांच्या खोलीत येऊन खाटेवर बसत म्हणाला, "काका, खरं तर हे सांगायचं नव्हतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. आम्ही तुमच्या त्या वायरलेसला बोलावलंय. प्रमुख पाहुणा. तो पुलाची गोष्ट सांगेल, मग वहिनी घड्याळाची. एकाच स्टेजवर. लोक रडले पाहिजेत."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग मनगटावरच्या, मग फोनमधल्या; तिन्ही जुळत होती.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला आडून सांगून बघितलं. "शनिवारी घड्याळाचं नको सांगूस."

"का?" बायको भांडी पुसत होती.

"जुनं झालं ते."

"मीही जुनी झाले. मग माझं काय करणार आहात?" ती हसली. "लाजता काय या वयात? मी सांगणार. कागदावर लिहूनसुद्धा काढलंय."

तिला खरं सांगितलं असतं तर तिने कागद तिथेच फाडला असता. काकांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "ते भांडं कोरडं झालं असेल आता." मग त्यांनी ठरवलं, की आधी वायरलेसला सांगायचं. ज्याचा पाय गेला त्याला आधी कळलं पाहिजे, हे रास्तच होतं. शिवाय शनिवार दोन दिवस लांब होता.

शनिवारी सकाळी ते वायरलेसला आणायला बसस्टँडवर गेले. एक पाय नकली, हातात काठी, पोट सुटलेलं, आणि आवाज सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा. त्याने काकांना तिथेच मिठी मारली आणि अनोळखी लोकांना सांगितलं, "ह्या माणसामुळे मी जिवंत आहे." दोघा-तिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. टॅक्सीत बसल्यावर काका म्हणाले, "वायरलेस, मला तुला एक सांगायचंय."

"दादा, आज तुम्ही काही बोलायचं नाही. आज मी बोलणार."

"त्या दिवसाचंच आहे."

"तोच तर दिवस." तो पुढे झुकून टॅक्सीवाल्याला म्हणाला, "ह्यांनी दीड मिनिटात माझा जीव वाचवला, आणि एका ड्रायव्हरने तासन् तास घालवून माझा पाय घालवला. तेव्हापासून माझा ड्रायव्हर लोकांवर विश्वास नाही. तुम्ही मनावर घेऊ नका."

टॅक्सीवाल्याने मनावर घेतलं. घरापर्यंत त्याने इतक्या वेगाने गाडी हाणली की काकांना सीट धरून बसावं लागलं आणि बोलणं तिथेच राहिलं.

बायकोने स्वयंपाक करून टेबल मांडलं होतं. वायरलेस पोटभर जेवला. दुकानाच्या, मुलांच्या गप्पा झाल्या. त्याने सांगितलं, की आताशा सकाळी उठताना विसर पडतो आणि तो दोन्ही पाय खाली टाकायला जातो. हे तो हसत सांगत होता. काका हसले नाहीत. मग बायकोला राहवलं नाही. म्हणाली, "भाऊ, चार वाजता स्टेजवर सांगणारच आहे, पण तुम्ही घरचे. आधी तुम्हाला सांगते." आणि तिने सांगितलं. पाच तासांचा फरक, न फिरवलेले काटे, गोळी घ्यायची वेळ, दवाखान्याची रांग. "हे तिकडे गोळ्यांमध्ये, आणि ह्यांच्या मनगटावर मात्र माझी सकाळ."

नेहमीसारखी ती थांबली. वायरलेसने टाळी द्यायला हात उचलला आणि तो हात टेबलाच्या वर तसाच राहिला. तुकडीत असताना हेडक्वार्टरची वेळ, तिथली वेळ आणि घरची वेळ ह्यांचा हिशेब दिवसातून दहादा करणं हे त्याचं काम होतं. ह्या बाबतीत त्याला सांगावं लागत नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "त्या दिवशीही घड्याळ घरच्याच वेळेवर होतं?"

"एक दिवससुद्धा बदललं नाही ह्यांनी," बायको अभिमानाने म्हणाली.

"जरा गार पाणी द्याल?"

ती आत गेली. वायरलेसने काकांकडे बघितलं. काकांनी नजर खाली घातली नाही, तेवढं त्यांना जमलं.

"काय लिहिलंत?"

"सहा दहा."

"वाजले होते?"

"अकरा दहा."

"आणि ड्रायव्हर?"

"थेट गेला. दीड तासात पोचवलं त्याने तुला. खड्ड्यांतून, दिवसाढवळ्या. त्या रस्त्याला दोन तास लागायचे."

वायरलेसने ताटातला घास उगाच इकडून तिकडे सरकवला. "तुम्हाला कधी कळलं?"

"चौथ्या दिवशी."

"आणि एकोणतीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या घालतोय. पोरांना शिकवल्यात मी त्या शिव्या." त्याचा तो मोठा आवाज पार खाली आला होता. "तुम्ही माझी पत्रं वाचत होतात ना?"

"प्रत्येक."

"मला राग आलाय दादा. फार आलाय. आणि पंचाईत अशी करून ठेवलीत, की राग यायला माणूस जिवंत लागतो, आणि तो तुम्ही ठेवलात. आता मी हा राग कुठे घेऊन जाऊ?"

काकांना एवढंच वाटलं, की एवढ्या वर्षांत कुणीतरी प्रथमच आपल्याशी खरं बोलतंय, आणि त्याची त्यांना लाजही वाटली, कारण खरं बोलायची पाळी आधी त्यांची होती. बायको पाणी घेऊन आली. वायरलेस एका दमात सगळा पेला प्यायला आणि म्हणाला, "छान सांगता तुम्ही, वहिनी." तेवढ्यात मॅनेजरची गाडी दारात आली.

कँटीनची टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. सव्वाशे माणसं तरी असतील. मॅनेजरने प्रशस्तिपत्र वाचलं. 'तमा न बाळगता' इथे तो अडखळला, पण सावरला. मग माइक वायरलेसकडे गेला. काका स्टेजवर मधल्या खुर्चीत, गुडघ्यावर पुष्पगुच्छ, आणि त्यांना वाटलं की आता हा सगळं बोलणार. बोललाच तर तो त्याचा हक्क आहे, असं ते स्वतःला सांगत होते आणि पुष्पगुच्छाची देठं मोडत होते.

वायरलेसने पुलाची गोष्ट सांगितली. साठ पावलं, कठडा, आयोडीनने माखलेली पाठ. लोक हलले नाहीत. मग तो गाडीपाशी आला. "मग दादा परत आले आणि वेळ लिहिली," तो म्हणाला. "आमच्या गाडीचा ड्रायव्हर फार चांगला होता. त्याने मला दीड तासात पोचवलं. मी त्याच्याबद्दल आजवर वाईट बोलत आलो, ती माझी चूक. पाय काही वाचला नाही. कधीकधी नाही वाचत." एवढं बोलून तो काकांकडे न बघता खुर्चीत जाऊन बसला.

टाळ्या झाल्या. काका सुटले होते. आता त्यांना फक्त आभाराची दोन वाक्यं बोलायची होती, आणि बायकोने ती लिहूनही दिली होती. ड्रायव्हरची बदनामी धुतली गेली होती, पायाचा दोष कुणाच्याच माथी नव्हता, आणि ज्याला राग यायचा तो येऊनही गप्प बसला होता. एवढी चोख व्यवस्था नशिबाने कुणाची लावली नसेल. काका उठले, माइकपाशी गेले, आणि बायकोने लिहून दिलेला कागद त्यांनी खिशातच राहू दिला.

"वेळ मी चुकीची लिहिली," ते म्हणाले. "अकरा दहा वाजले होते, मी सहा दहा लिहिले. डॉक्टरांना वाटलं पट्टा साडेसहा तास आहे. म्हणून ह्याचा पाय कापला. तो वाचला असता. पदक मला त्याचंच मिळालंय."

मागे कुणीतरी खोकलं. मग मॅनेजर चपळाईने पुढे आला आणि माइक हातात घेऊन म्हणाला, "पाहिलंत? ह्याला म्हणतात मोठेपणा. एवढं करूनसुद्धा माणूस स्वतःकडे कमीपणा घेतो." आणि सगळ्या कँटीनने उभं राहून टाळ्या वाजवल्या. भट्टीवरचे कामगार शिट्ट्या वाजवत होते. वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला. काका हात हलवून नको नको म्हणत होते, त्यामुळे टाळ्या वाढल्या. खरं बोलून माणूस एवढा खोटा ठरल्याचं कुणी पाहिलं नसेल.

पहिल्या रांगेत बायको तेवढी बसून होती. तिच्या मांडीवर तिचा कागद होता. ती टाळ्या वाजवत नव्हती. ओठांशी काहीतरी मोजत होती.

"आणि आता वहिनी," मॅनेजर म्हणाला, "ती घड्याळाची गोष्ट."

ती स्टेजवर आली. माइक तिच्यापेक्षा उंच होता, तो तिने स्वतःच खाली केला. कागद तिने उघडलाच नाही.

"ही गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली आहे," ती म्हणाली. "तिकडची आणि घरची वेळ, पाच तासांचा फरक. ह्यांनी माझ्यासाठी घड्याळ घरच्या वेळेवर ठेवलं. त्या दिवशी ह्यांनी घड्याळ बघितलं तेव्हा त्यात सहा दहा वाजले होते. सहा दहाला मी झोपेतून उठत होते." ती थांबली. ही नेहमीची थांबायची जागा नव्हती. "अकरातून सहा गेले की पाच उरतात. ही वजाबाकी मी इतकी वर्षं केली नाही. ह्या भाऊंचा पाय माझ्या सकाळीत गेला. हे म्हणाले ते खरं आहे. टाळ्या वाजवू नका."

कुणी वाजवल्या नाहीत. मॅनेजरच्या हातात दुसरा माइक होता, तो त्याने खाली घेतला. बायको वायरलेससमोर जाऊन उभी राहिली, तेव्हा त्याने काठी बाजूला ठेवली, शेजारच्या खुर्चीवरचा पुष्पगुच्छ उचलून खाली ठेवला आणि म्हणाला, "बसा वहिनी." ती बसली. मग तो दोघांपैकी कुणाकडेच न बघता म्हणाला, "त्या ड्रायव्हरचा पत्ता काढायला हवा. आपण तिघांनी जायचं."

काका अजून माइकपाशीच उभे होते. समारंभ संपला की नाही हे कुणालाच कळत नव्हतं. लोक हळूहळू, आवाज न करता उठायला लागले, भट्टीची पाळी बदलायची वेळ झाली होती. एक म्हातारा कामगार जाताना काकांपाशी आला आणि त्यांच्या दंडाला हात लावून गेला. काका बायकोशेजारी येऊन बसले.

"मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

"तुला ती गोष्ट सांगायला फार आवडायची," काका म्हणाले.